मोदेनातील दोन पंगती आणि लांब्रुस्को: एक प्रकरण अभ्यास

इटलीतील मोदेना शहरात कामानिमित्त राहत असताना एका 8 डिसेंबरला, म्हणजे तिथल्या सार्वजनिक सुटीच्या दिवशी, मी घरी सहा जणांची पंगत मांडली आणि त्या पंगतीला ठेवलेली वाइन जवळजवळ पूर्ण फसली. तेवीस दिवसांनी, वर्षअखेरच्या रात्री, त्याच टेबलावर, त्याच पाहुण्यांसमोर आणि बहुतांशी त्याच पदार्थांबरोबर त्याच नावाची वाइन ठेवली, तेव्हा ती इतकी जमली की बाटल्या कमी पडल्या. दोन्ही वेळा लेबलावर नाव एकच होते: लांब्रुस्को, म्हणजे या भागातली फसफसणारी तांबडी वाइन. मधल्या तेवीस दिवसांत काय कळले आणि त्यानुसार काय बदलले, याची ही नोंद आहे.

माणसे आणि पदार्थ

पंगतीला माझ्याशिवाय पुण्याहून आलेले दोन सहकारी, त्यांपैकी एकाची पत्नी, घरमालकीण बाई आणि त्यांचे यजमान असे पाच जण होते. सहकाऱ्याच्या पत्नीला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. त्या आणि दुसरा सहकारी शाकाहारी आहेत. अंडे दोघांना चालते. घरमालकीण बाईंना आम्ही सिन्योरा म्हणत असू. त्या मूळच्या पो नदीकाठच्या, रेज्जो एमिलिया जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मांतोवाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावच्या. या प्रकरणात जे काही सुधारले, त्याचे बरेचसे श्रेय त्यांचे आहे; मात्र त्यांनी उपदेश असा एकदाही केला नाही.

पदार्थ अस्सल तिथलेच ठरवले होते. सुरुवातीला न्योक्को फ्रित्तो. मैदा, थोडी चरबी आणि यीस्ट घालून मळलेल्या कणकेची पोळी लाटायची, शंकरपाळ्यासारखे पण तळहाताएवढे तुकडे कापायचे आणि डुकराच्या चरबीत तळायचे. ते पुरीसारखे टम्म फुगतात. मोदेनात याला न्योक्को म्हणतात, बोलोन्यात क्रेशेंतीना आणि पार्म्यात तोर्ता फ्रित्ता, आणि आपलेच नाव खरे असा प्रत्येक गावाचा आग्रह असतो. त्याच्यासोबत मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचा शिजवलेला जाड सॉसेज) आणि पार्म्याचा प्रोशुत्तो (मीठ लावून सुकवलेली डुकराची मांडी) यांचे कागदासारखे पातळ काप. मग तोर्तेल्लीनी इन ब्रोदो: डुकराचे मांस, प्रोशुत्तो, मोर्तादेल्ला, पार्मिज्यानो चीज, अंडे आणि जायफळ यांचे सारण भरलेल्या नखाएवढ्या करंज्या, कोंबड्याच्या आणि बीफच्या निथळ रश्श्यात. शाकाहारी दोघांसाठी लाल भोपळ्याचे सारण भरलेले तोर्तेल्ली, वर लोणी आणि सेजची पाने. त्यानंतर कोतेकीनो, म्हणजे मांस, चरबी आणि डुकराची कातडी बारीक करून भरलेला जाडजूड सॉसेज, मंद आचेवर तासन्‌तास उकडलेला, बटाट्याच्या लगद्यासोबत. मग पार्मिज्यानोचा एक खडा आणि शेवटी आंबट चेरीच्या मुरंब्याची क्रोस्ताता, म्हणजे खुसखुशीत काठाचा टार्ट.

या यादीत एक गोष्ट कुणाच्याही लक्षात येईल. पहिल्यापासून शेवटच्या पदार्थापर्यंत चरबी, लोणी, चीज आणि मीठ आहे. आंबट म्हणावे असे शेवटच्या मुरंब्यापर्यंत काहीही नाही. मराठी ताटात जे काम डावी बाजू करते, म्हणजे लिंबू, कोशिंबीर, लोणचे, ते करणारा पदार्थ या जेवणात नाही. ही उणीव एमिलियाच्या, म्हणजे मोदेनाच्या या प्रदेशातल्या, माणसांना शेकडो वर्षांत जाणवलीच नसेल, असे मानणे कठीण आहे. ती त्यांना जाणवली होती आणि त्यांनी ती पेल्यात भरून काढली होती. मी ते पाहिले नव्हते, आणि पहिल्या पंगतीचे सारे बिनसले ते त्यामुळे.

पहिली पंगत

शहरातल्या एका मोठ्या दुकानातून मी लांब्रुस्कोच्या तीन बाटल्या आणल्या. त्यांवर ‘आमाबिले’ असे लिहिले होते. त्या शब्दाचा बोलीतला अर्थ ‘प्रेमळ, लाघवी’ असा मला माहीत होता, आणि पाहुण्यांना लाघवी वाइन द्यावी यात वावगे काय, असा विचार मी केला. अल्कोहोल 8 टक्के होते. एवढी हलकी वाइन दिवसाच्या जेवणाला बरी, असेही वाटले. हा आकडा आणि तो शब्द मिळून ‘गोड’ असा स्पष्ट इशारा देत होते, हे नंतर कळले.

बाटल्या स्वयंपाकघरातच ठेवल्या. बाहेर चार अंश तापमान असले तरी आत हीटर चालू होता आणि चरबीची कढई तापलेली होती. पहिल्या बाटलीची दोरी सोडून बूच हलवताच जांभळा फेस उसळून टेबलक्लॉथवर सांडला. सिन्योराच्या यजमानांनी तत्परतेने त्यावर मीठ टाकले. वाइन कोमट आहे हे ओळखून माझ्या सहकाऱ्याने पेल्यांत बर्फ घालण्याची सूचना केली आणि आम्ही ती ऐकली. हा दुसरा प्रमाद. पाच मिनिटांत पेल्यात फेस नाही, चव नाही, नुसते फिके गोड पाणी.

पदार्थांबरोबर काय झाले ते असे. मोर्तादेल्लाबरोबर ती वाइन खपून गेली, कारण खारट आणि गोड यांचे जुळते. न्योक्कोबरोबर दोन घास बरे लागले, तिसऱ्यापासून तोंड ओशट वाटू लागले. चरबीचा थर जिभेवर बसला होता आणि गोडी त्याला धुऊन काढण्याऐवजी त्यावर आणखी एक थर चढवत होती. तोर्तेल्लीनीच्या रश्श्याबरोबर तर पार विचका झाला. खारट, गरम, मांसाच्या अर्काने भरलेला रस्सा आणि त्यानंतर सरबतासारखा घोट, हे कुणालाच सोसेना. कोतेकीनोच्या वेळेपर्यंत सगळे पाण्यावर आले होते. क्रोस्ताता गोड आणि वाइनही गोड, म्हणजे इथे तरी जमेल अशी आशा होती; पण मुरंबा वाइनपेक्षा कितीतरी गोड असल्यामुळे तीच वाइन अचानक पातळ आणि आंबट लागली.

एकच ताट याला अपवाद ठरले. भोपळ्याच्या तोर्तेल्लीबरोबर वहिनींना ती वाइन आवडली आणि त्यांनी पेला पुन्हा भरून घेतला. त्या सारणात बदामी बिस्किटांचा चुरा असतो, भोपळा मुळातच गोडसर असतो, आणि अशा पदार्थापुढे कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाइन कडक वाटते. हे तेव्हा कुणी समजावून सांगितले नाही. पेला रिकामा झाला एवढेच दिसले.

सिन्योरांनी आपला पेला अर्धा प्यायला, बाजूला सरकवला आणि रश्श्याची मनापासून स्तुती केली. निघताना दारात त्यांनी एवढेच विचारले, “ही बाटली तुम्ही कशासाठी घेतली होती?” मी म्हणालो, “जेवणासाठी.” त्यांनी मान हलवली, “मग पुढच्या वेळी माझ्याबरोबर चला.”

दुकानाच्या फळीवर गोड बाटली का असते

पुढच्या आठवड्यात मी जे वाचले आणि ऐकले, त्यातून पहिली गोष्ट ही कळली की लांब्रुस्को ही एकच वाइन नाही. ते एका द्राक्षकुळाचे नाव आहे. प्राचीन रोमन लोक रानटी वेलीला ‘लाब्रुस्का’ म्हणत, त्यावरून हे नाव आले असे मानतात. (‘व्हिटिस लाब्रुस्का’ नावाची अमेरिकन जात वेगळी, तिचा या वाइनशी संबंध नाही, तरी गल्लत नेहमी होते.) या कुळातल्या दहा-बारा जाती लागवडीत आहेत आणि त्यांतल्या तिघींची नावे जेवणारांना ठाऊक असणे पुरे.

सोरबारा ही मोदेनाच्या उत्तरेला सेक्किया आणि पानारो या नद्यांमधल्या गाळाच्या, वालुकामय जमिनीतली. तिच्या फुलातला पराग वांझ असतो, त्यामुळे शेजारी दुसरी जात, बहुधा सालामीनो, लावावी लागते. तरीही फळधारणा अर्धवट होते आणि घडात मोठ्या मण्यांबरोबर वाटाण्याएवढे खुरटे मणी राहतात. पीक कमी, पण रसाला धार. तिची वाइन फिकट, माणकाच्या छटेची, फेस गुलाबी, वास व्हायोलेटच्या फुलांचा आणि रानस्ट्रॉबेरीचा, आणि आंबटपणा असा की जबड्याच्या सांध्यात कळ यावी. ग्रास्पारोस्सा ही शहराच्या दक्षिणेला कास्तेलवेत्रोच्या टेकड्यांवरची. शरद ऋतूत तिची पाने आणि देठ लाल होतात आणि नावही त्यावरूनच पडले आहे. तिची वाइन गडद जांभळी, अंगाने भरीव आणि लांब्रुस्को कुळात सर्वांत तुरट. सालामीनोचा घड बारक्या सलामीसारखा लांबट असतो. तिची वाइन या दोघींच्या मधली. तिन्हींना आपापल्या गावांच्या नावाने डी.ओ.सी. दर्जा, म्हणजे मूळ ठिकाणाची सरकारी हमी, 1970 साली मिळाला.

आता बुडबुड्यांविषयी. पूर्वी हे काम हवामानच करत असे. सप्टेंबर-ऑक्टोबरात तुडवलेला रस आंबायला लागे, थंडी पडली की यीस्ट निजे आणि रसातली थोडी साखर तशीच राहून जाई. मार्चमध्ये ती वाइन बाटल्यांत भरली की ऊब लागताच यीस्ट पुन्हा कामाला लागे आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बाटलीतच कोंडला जाई. सिन्योरांच्या लहानपणी त्यांचे वडील काचेच्या मोठ्या बुधल्यातून वाइन आणून चंद्राची कला पाहून घरीच बाटल्या भरत. मे महिन्यात रात्री तळघरात एखादी बाटली फट्‌दिशी फुटे आणि घरात कुणी उठतही नसे. फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी 1895 मध्ये हेच दुसरे आंबवणे बंद टाकीत, दाबाखाली करण्याची रीत आस्ती येथे काढली, फ्रान्समध्ये यूजीन शार्मा यांनी 1907 मध्ये ती सुधारली, आणि आज बहुतेक लांब्रुस्को अशा पोलादी टाकीतच तयार होते. बाटलीतला दाब साधारण 1 ते 2.5 बार असतो (बार हे दाबाचे एकक). पूर्ण स्पार्कलिंग वाइनसाठी किमान 3 बार लागतो, म्हणजे लांब्रुस्कोची फसफस मुळातच सौम्य आहे आणि तशीच राहावी यासाठी आहे.

टाकी आल्यावर साखर किती ठेवायची हे थंडीऐवजी माणूस ठरवू लागला. लेबलावरचे शब्द त्याचेच माप आहेत: ‘सेक्को’ म्हणजे लीटरला 15 ग्रॅमपर्यंत साखर, ‘आमाबिले’ म्हणजे साधारण 30 ते 50 ग्रॅम, ‘दोल्चे’ म्हणजे त्याहून गोड. कोला पेयात लीटरला शंभर ग्रॅमहून अधिक साखर असते, त्या मानाने आमाबिले काही फार गोड नव्हे. पण कोला रश्श्याबरोबर कुणी पीत नाही.

गोडीचा जगभर प्रसार झाला तो अमेरिकेमुळे. रेज्जो एमिलियात 1950 साली स्थापन झालेल्या रियुनीते या सहकारी संस्थेची गोडसर लांब्रुस्को बांफी या आयातदार कंपनीने तिकडे नेली आणि 1970 व 1980 च्या दशकांत ती अमेरिकेतली सर्वाधिक खपणारी आयात वाइन होऊन बसली. तिच्या दूरदर्शनवरच्या जाहिराती ती बर्फ घालून प्यायला सांगत. माझ्या सहकाऱ्याच्या सूचनेला एवढी मोठी परंपरा होती, हे वाचून त्याला बरे वाटले. शेतकऱ्यांच्या हाती त्या काळात पैसा आला ही गोष्ट खरी आणि तिला नाक मुरडण्यात अर्थ नाही. सहकाराचे महत्त्व महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आणि दूध संघांच्या परिसरात वाढलेल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. पण माझ्या मते या व्यवहारात एक गोष्ट मोडली. न्योक्को आणि कोतेकीनो जहाजात बसले नाहीत. बाटली एकटीच गेली. ताटाशिवाय गेलेल्या वाइनला स्वतःच्या बळावर आवडून घ्यावे लागते आणि त्याचा सर्वांत सोपा उपाय साखर हा आहे. पुढे तीच चव म्हणजे लांब्रुस्को असा जगाचा समज झाला आणि माझ्यासारख्या परदेशी गिऱ्हाइकाचा हात आपसूक तीच बाटली उचलू लागला.

तयारी

सिन्योरांनी मला शहराबाहेरच्या एका सहकारी वाइनघरात नेले. तिथे त्यांनी दोन बाटल्या निवडल्या: एक सोरबारा सेक्को आणि एक ग्रास्पारोस्सा सेक्को, दोन्ही साधारण 11 टक्के अल्कोहोलच्या आणि दोन्ही त्याच वर्षी बाजारात आलेल्या. लांब्रुस्को जपून ठेवण्याची वस्तू नाही. वर्षा-दोन वर्षांत तिचा फुलांचा वास उतरतो. तिथल्या माणसाने एक तिसरी बाटली पुढे केली, तिला बिअरसारखे पत्र्याचे झाकण होते आणि तळाशी करडा गाळ. ती जुन्या रीतीने बाटलीतच आंबवलेली सोरबारा होती. सिन्योरा म्हणाल्या, “ही माझ्यासाठी.”

माझ्याकडून एक चूक पहिल्या पंगतीत झाली होती ती वाइनची नव्हती, आणि ती इथे लिहिणे भाग आहे. पार्मिज्यानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने, जमवतात. तो नियमच आहे. शिवाय न्योक्को मी डुकराच्या चरबीत तळला होता आणि शाकाहारी पाहुण्यांनी तो खाल्ला होता. हे समजल्यावर मी दोघांना फोन करून सांगितले. सहकारी म्हणाला, “झालं ते झालं, पुढच्या वेळी विचारत जा.” वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “पुढच्या वेळी आमचं आम्ही करून आणू. बटाटेवडे.” दुसऱ्या पंगतीच्या यादीत बटाटेवडा आला तो असा. न्योक्कोसाठी सूर्यफूल तेलाची स्वतंत्र कढई ठेवली आणि तोर्तेल्लीच्या सारणात वनस्पतिजन्य रेनेटचे चीज घातले.

सोरबारा फ्रीजमधून काढून थोड्या वेळाने, म्हणजे सुमारे 10 ते 12 अंशांवर, आणि ग्रास्पारोस्सा त्याहून थोडी उबदार, 14 अंशांच्या आसपास द्यायचे ठरले. तुरटपणा थंडीत कडक होतो, म्हणून हा फरक. बाटल्या उभ्या ठेवल्या. पेले साधे दांडीचे घेतले. शॅम्पेनचे अरुंद पेले मला सुचले होते, पण त्यांत वास कोंडतो आणि जेवताना ते उगाच समारंभी दिसतात.

दुसरी पंगत

31 डिसेंबरला बेत थोडा बदलला: कोतेकीनोबरोबर बटाट्याऐवजी मसूर शिजवले, कारण वर्षअखेरीस मसूर खाल्ले की पैसा येतो अशी तिथली समजूत आहे.

न्योक्को आणि मोर्तादेल्ला यांच्याबरोबर सोरबारा ओतली. इथे जे घडले ते सावकाश पाहण्यासारखे आहे. गरम न्योक्कोवर मोर्तादेल्लाचा काप ठेवला की त्यातली चरबी वितळू लागते आणि काप अर्धपारदर्शक होतो. घास घेतल्यावर टाळू, जीभ, दातांची मागची बाजू, सगळीकडे स्निग्ध थर बसतो. त्यावर सोरबाराचा घोट घेतला की आधी आंबटपणाने तोंडाला पाणी सुटते आणि लाळेने तो थर सैल होतो, पाठोपाठ बुडबुडे. ते नुसते यांत्रिक रीतीने घासतात असे नव्हे. कार्बन डायऑक्साइडपासून तोंडात कार्बनिक आम्ल तयार होते आणि आपल्याला जाणवणारी बारीक चुणचुण त्याची असते. घोट गिळला की तोंड कोरे होते आणि हात आपोआप पुढच्या न्योक्कोकडे जातो. जिलबीनंतर मठ्ठ्याचा घोट घेतला की जिलबीची पुन्हा इच्छा होते, तसाच हा प्रकार. आठ तारखेला तिसऱ्या तुकड्याला थांबलेले लोक या वेळी सहाव्यापर्यंत गेले.

तोर्तेल्लीनीच्या वेळी मी मुद्दाम दोन्ही वाइन पुढे ठेवल्या. ग्रास्पारोस्सा रश्श्यापुढे कर्कश लागली: मांसाच्या अर्काची आणि जुन्या चीजची जी मुरलेली चव असते, तिच्यापुढे वाइनमधला तुरटपणा आणि कडवटपणा वाढून जाणवतो. सोरबारात तुरटपणा अगदी थोडा, म्हणून ती त्या रश्श्यात सहज मिसळली. मिसळली हा शब्द सिन्योरांनी शब्दशः घेतला. त्यांनी आपल्या वाडग्यात चार-पाच तोर्तेल्लीनी आणि थोडा रस्सा राखून ठेवला, पत्र्याच्या झाकणाच्या गढूळ सोरबाराचा चांगला मोठा घोट त्यात ओतला आणि वाडगा दोन्ही हातांनी उचलून प्यायला. रस्सा गुलाबी-करडा झाला, वर फेसाचे कडे उठले. मांतोवा आणि रेज्जोच्या सीमेवरच्या गावांत ही जुनी रीत आहे. तिला त्यांच्या बोलीत ‘बेव्‌रिन विन’ म्हणतात. मी तसे करून पाहिले. दिसायला विचित्र, पण चवीला आंबटगोड साराच्या जवळ जाणारे. रश्श्यात पिळलेल्या लिंबाचे काम वाइन करत होती. जेवणातली डावी बाजू पेल्यात आहे ही कल्पना मला सुचली ती त्या वाडग्याकडे पाहताना.

कोतेकीनोच्या वेळी बाजू उलटली. कातडीतल्या जिलेटिनमुळे तो ओठांना चिकटतो. सोरबारा त्याच्यापुढे बारीक पडली, आणि ग्रास्पारोस्साचा तुरटपणा, जो रश्श्याबरोबर खटकत होता, इथे नेमका हवा होता. तुरट द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, म्हणून एरवी तोंड कोरडे पडते. पण समोर एवढी चरबी, मीठ आणि चिकटपणा असला की तोच कोरडेपणा सुखाचा वाटतो. मसुराच्या मातकट चवीलाही ती गडद वाइन साजली. पार्मिज्यानोच्या खड्याबरोबर दोन्ही चालल्या आणि त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

राहिला बटाटेवडा. लसूण, हिरवी मिरची, हरभऱ्याच्या पिठाचे कुरकुरीत आवरण आणि वर वहिनींची सुक्या खोबऱ्याची लसणीची चटणी. सोरबारा त्याच्याबरोबर घेतली तेव्हा तेलकटपणा गेला खरा, पण मिरचीची आग वाढली. ग्रास्पारोस्साने तर ती आणखी भडकली. अल्कोहोल आणि तुरटपणा हे दोन्ही तिखटाला चेतवतात आणि बुडबुडेही पहिल्या क्षणी चुणचुणीत भर घालतात. मग मला पहिल्या पंगतीतली न फोडलेली तिसरी बाटली आठवली. ती आमाबिले फ्रीजमध्ये पडून होती, म्हणजे आता चांगली थंड होती. थंडपणा, 8 टक्क्यांचे हलके अल्कोहोल आणि ती बदनाम साखर, या तिन्हींनी मिळून मिरचीला आवरले. आंबटपणा आणि फसफस यांनी बेसनाचे तेल उतरवले. वहिनी म्हणाल्या, “ही तर त्या दिवशीचीच आहे ना?” सिन्योरांनी दुसरा वडा घेतला, डोळ्यांत पाणी आले तरी चटणी सोडली नाही, आणि आठ तारखेला बाजूला सरकवलेल्या त्याच वाइनसाठी पेला पुढे केला. आमाबिले ही तिखट आणि तळलेल्या पदार्थासाठी चांगली वाइन आहे, असे मी आता नि:संकोच म्हणतो. आठ तारखेच्या माझ्या ताटात तिखट काहीच नव्हते, एवढाच तिचा गुन्हा होता.

क्रोस्ताता

क्रोस्ताताचा प्रश्न मात्र दुसऱ्या पंगतीतही सुटला नाही. सेक्को वाइन मुरंब्यापुढे कडू लागली, आमाबिले पुन्हा पातळ पडली. पक्वान्नाबरोबरची वाइन पक्वान्नाइतकी किंवा त्याहून गोड असावी लागते, आणि आंबट चेरीच्या घट्ट मुरंब्याएवढी गोड लांब्रुस्को मला मिळाली नाही. सिन्योरांच्या यजमानांनी, जे दोन्ही पंगती मिळून दहा वाक्येही बोलले नसतील, या ठिकाणी वायव्य इटलीतल्या पिएमोंतेच्या ब्राकेत्तोचे नाव काढले. तीही फसफसणारी तांबडी वाइन. आक्वी गावच्या या वाइनला 1996 साली डी.ओ.सी.जी., म्हणजे डी.ओ.सी.च्याही वरचा, दर्जा मिळाला. अल्कोहोल थोडे, गोडी भरपूर आणि वास गुलाबाचा. 6 जानेवारीच्या सणाला त्यांनी एक बाटली आणली आणि उरलेली क्रोस्ताता आम्ही तिच्याबरोबर संपवली. तोवर तिचा काठ वातड झाला होता, मुरंबा मात्र तसाच आंबटगोड होता, आणि पेल्यातल्या गुलाबाच्या वासापुढे तो पहिल्यांदाच नुसता गोड न लागता चेरीसारखा लागला.